मानाचं पोतं

‘शाश्वत’ हा शब्द हल्ली आमच्या रसायनांच्या धंद्यात कोणीही तोंडात घालतो. परिसंवादाला गेलं की गारठलेला हॉल, पडद्यावर हिरवं पान, कोट घातलेला एखादा गृहस्थ आणि त्याच्या पाठोपाठ पनीरचं जेवण. मी असल्या ठिकाणी मागच्या रांगेत बसते. तिथे मला हटकून विनायक मोकल आठवतात आणि माझं डोकं फिरतं. हा शब्द त्यांनी उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. ते आपले लाकडाचा भुसा, कॉस्टिक आणि वीज एवढंच बोलायचे. सध्या ते डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर पाण्याचे नमुने तपासतात. पडद्यावरच्या हिरव्या पानाला हे कोणी सांगायचं?

मोकल मला भेटले रोह्याला. तिथल्या एका केमिकल कंपनीत मी तपासणीच्या लॅबमध्ये होते आणि ते संशोधनाकडे नवीन रुजू झाले होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते गोडाउनच्या मागे. परदेशातून आलेल्या यंत्राचं लाकडी खोकं फोडून ठेवलं होतं आणि हा उंच, सावळा माणूस त्याची एक फळी नाकाला लावून डोळे मिटून उभा होता. चष्मा कपाळावर. मला वाटलं याला चक्करबिक्कर आली.

“बरं वाटत नाही का?” मी विचारलं.

“पाइन हाय,” ते डोळे न उघडता म्हणाले. “थंडीतलं झाड. हळू वाढलेलं. घ्या, वास घ्या.”

नव्या माणसाने ओळख करून द्यायची ही तऱ्हा! मी वास घेतला. मला खोक्याचा वास आला. त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं की मला राग आला आणि मी सरळ आत निघून गेले. आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी.

पुढे कळलं की हा वासाचा नाद जन्माचा आहे. लग्नाला गेले तर पाटाचा वास घेतील, बँकेत गेले तर काउंटरचा. एकदा कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून आले होते. नवीन केबिनचं कौतुक चाललं होतं, सगळे माना डोलवत होते. मोकल टेबलाच्या कडेशी वाकले, नाक नेलं आणि सरळ होत म्हणाले, “साहेब, हा साग नाय. भुशाची फळी हाय, वरनं कागद चिकटवलाय. तुम्हाला फसवलं.” साहेबांना फसवलं गेल्याचं दुःख झालं की सगळ्यांसमोर ते कळल्याचं, देव जाणे. मोकलांची बढती मात्र त्या टेबलाखाली कायमची गेली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाईट वाटलं ते टेबलाचं.

लाकूड जळताना त्यांना बघवायचं नाही. वखारीतला भुसा वीटभट्टीला जातो, बंबात जातो, नाहीतर पावसात कुजतो, हे बोलताना त्यांचा आवाज घरातलं माणूस वाया गेल्यासारखा यायचा. “मॅडम, लाकूड म्हणजे भिंत समजा,” ते सांगायचे. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतसुद्धा म्हणेन. “विटा म्हणजे तंतू. त्याचा कागद होतो, त्याला किंमत हाय. अन विटांच्या मधला चुना म्हणजे लिग्निन. त्याला कोण विचारत नाय. कागदवाले काढतात अन जाळतात. अहो, त्या चुन्यात व्हॅनिला कोंडलाय! आइस्क्रीमचा वास! तोच वास आपण जमिनीतलं तेल उपसून त्यातनं करतो. अंगणात विहीर असताना टँकर मागवल्यासारखं.”

हा कोंडलेला वास बाहेर काढायला त्यांना आमच्या कंपनीसारखी पिंपं नको होती. पिंपात जहाल काहीतरी येतं, काम होतं आणि मग उरलेलं घाण पाणी कुठे न्यायचं हा प्रश्न बसतो. मोकलांचं म्हणणं, भुसा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवा, त्या काळ्या पाण्यात निकेलच्या पट्ट्या बुडवा आणि वीज सोडा. लिग्निनची साखळी वीजच तोडेल. कॉस्टिक पुन्हा पुन्हा फिरवून वापरता येईल. “विजेला पिंप लागत नाय,” हे त्यांचं आवडतं वाक्य. पट्ट्यांच्या त्या पेटीला शास्त्रात सेल म्हणतात. मोकल तिला बाई म्हणायचे. “बाई आज रुसल्यात.” “बाईंना जरा गरम पाहिजे.” कँटीनमध्ये नवीन आलेल्या पोरांचा फार गैरसमज व्हायचा.

कंपनीने त्यांना हे करू दिलं नाही. करू देईल असं मलाही वाटलं नव्हतं. ‘आपल्या धोरणात बसत नाही’ असं सांगितलं गेलं. मोकलांनी राजीनामा दिला आणि पेणला रामवाडीत आपल्या घरामागे पत्र्याची शेड घातली. त्यांची बायको निर्मलावहिनी पोह्याचे पापड करायच्या, पेणमध्ये त्यांच्या पापडांना नाव होतं. शेड घातली ती खरं तर त्यांची पापड वाळवायची जागा. त्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. मला म्हणाल्या, “मॅडम, हा माणूस नोकरीत रोज थोडा थोडा मरत होता. इथं निदान एकदम काय ते होईल.” वहिनींच्या या बोलण्यावर तेव्हा मी हसले होते.

मोकल मूळचे पेणच्या पश्चिमेकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. वडील लहानपणीच गेले. वाढवलं दामूकाकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने. दामूकाका होड्या दुरुस्त करणारे सुतार. लाकडाचा वास घ्यायला त्यांनीच शिकवलं. डोळे बांधून पुतण्याच्या नाकाशी ढलप्या धरायच्या आणि ओळख म्हणायचं, हा त्यांचा खेळ. पुतण्या शिकून केमिस्ट झाला तेव्हा काकांनी गावभर सांगितलं की पोरगा लाकडाचा डॉक्टर झाला.

त्या गावची होळी मी एकदा पाहिली. मोकलांनीच नेलं होतं. आमच्याकडे शिमगा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मुंबईला गेलेला माणूस दिवाळी चुकवेल, शिमगा चुकवणार नाही. त्या गावात चाल अशी की प्रत्येक घराने आपल्या हाताने आणलेलं एक लाकूड होळीत घालायचं. तो घराचा मान. ज्याचं लाकूड नाही ते घर त्या वर्षी गावात नाही, इतकं साधं गणित. आणि मोकल हात मागे बांधून उभे! लाकूड घालणार नाही म्हणाले. “मी जन्मभर जाळू नका म्हणून बोंबलतो अन मीच जाळू?” ढोल वाजायचे थांबले. कोणीतरी म्हणालं, “शिकला म्हंजे गावाच्या वर गेला काय?” वातावरण तापलं. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दामूकाका घरी गेले, दोन लाकडं घेऊन आले, एक घातलं आणि दुसरं घालताना मोठ्याने म्हणाले, “हा विनायकाचा मान. पोराच्या हाताला लागलंय, म्हणून मी घातलं.” पोराच्या हाताला काहीही लागलेलं नव्हतं. सगळ्यांना ते दिसत होतं. पण काका बोलले, ढोल पुन्हा सुरू झाला. परतताना गाडीत पेणच्या जवळ आल्यावर मोकल म्हणाले, “काका आज माझ्यासाठी सगळ्या गावासमोर खोटं बोलले. त्यांचा मान मी आता कधी मोडू शकत नाय.” मला ते जरा नाटकी वाटलं होतं.

रामवाडीच्या शेडमध्ये बाई लवकर प्रसन्न झाल्या नाहीत. काळं पाणी उकळायचं, वास यायचा तो कुजक्या कोबीचा. शेजारी तक्रारी करायचे. मी सुट्टीच्या दिवशी रोह्याजवळच्या वरशाहून, माझ्या घरून, यायची, नमुना घेऊन जायची आणि लॅबमध्ये ओळखीने तपासून फोनवर सांगायची, “नाही.” मग एक दिवस सांगितलं, “थोडं आहे.” पलीकडून निर्मलावहिनी बोलल्या, “काय सांगितलंत हो यांना? खाली बसलेत.”

त्यानंतरचे काही महिने, खरं सांगते, मी त्या शेडमध्ये जितकी हसले तितकी कुठेच हसले नसेन. वास गल्लीत पसरला. आइस्क्रीमचा कारखाना निघाला अशी अफवा उठली आणि आळीतली पोरं वाट्या घेऊन दाराशी उभी. मोकल त्यांना लिग्निन समजावून सांगू लागले. पोरं वाट्या वाजवत पळाली. वहिनींच्या पापडांना व्हॅनिलाचा वास धरला. एका गिऱ्हाइकाने पापड परत पाठवले, दुसऱ्याने तसलेच हवेत म्हणून निरोप दिला. मोकल पुढ्यात आलेला तसला पापड आमटीत बुडवून खायचे आणि म्हणायचे, “गोड मानून घ्या मॅडम, हा जगातला पहिला व्हॅनिला पापड.” रोह्याच्या वखारीतला ऐनाचा भुसा त्यांनी पक्का केला होता. डोंगरातलं लाकूड, स्वच्छ, ओळखीचं. त्या भुशावर बाई कधी रुसल्या नाहीत.

हे सगळं एका सुगंधी द्रव्यांच्या मोठ्या कंपनीच्या कानावर गेलं. त्यांनी नमुना मागवला, तो त्यांना आवडला. त्यांची माणसं येऊन स्वतः बघणार असं ठरलं. दिवसभर सेल चालवून दाखवायचा, संध्याकाळी निघालेला माल त्यांनी हुंगायचा. पटलं तर रोह्याला या पद्धतीचा प्लँट उभा राहणार आणि मोकल तो चालवणार. नाही पटलं तर पुढे दार नव्हतं. घरात जे होतं ते त्या पत्र्याखाली गेलेलं, आणि मोकलांचं वय पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं राहिलं नव्हतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आदल्या दिवशी मी पोचले तर अंगणात एक टेम्पो उभा. दामूकाका खाली उतरले होते, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. टेम्पोत भुशाची पोती. प्रत्येक पोत्याला हळदकुंकवाची बोटं.

“पोरा,” काका म्हणाले, “तुझं एवढं मोठं काम, अन गावाचं लाकूड नाय त्यात? असं चालंल? हा माझ्या दारातला साग हाय. तुझ्या लग्नाच्या आधीपासनं खाडीच्या चिखलात निजवला होता. आता मी कुठलं घर बांधतो? वखारीत नेऊन कापून आणला. बघ, किडा शिवला नाय.”

इथे थोडं सांगायला हवं. खाडीकाठच्या गावांत चांगलं लाकूड कापल्यावर लगेच वापरत नाहीत. खाऱ्या चिखलात गाडून ठेवतात, वर्षानुवर्षं. मीठ आतपर्यंत मुरतं आणि मग त्याला वाळवी, भुंगा काही लागत नाही. त्या लोकांच्या हिशेबी याहून उंची लाकूड जगात नाही. आणि मोकलांच्या सेलला याहून मोठं विष जगात नाही. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की क्लोरीन सुटतो. तो निकेलच्या पट्ट्या खातो आणि व्हॅनिलाच्या अंगाला चिकटून त्याचं औषधी, घाणेरडं काहीतरी करून टाकतो.

मोकलांनी पोत्यात हात घातला, मूठभर भुसा नाकाशी नेला. त्यांना कळलं. माझ्याकडे पाहिलं, मलाही कळलं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“लय भारी हाय, काका,” मोकल म्हणाले.

काका वहिनींकडे चहाला आत गेले तसं मी मोकलांना धरलं. म्हटलं, ठेवून द्या शेडच्या कोपऱ्यात, घातला म्हणून सांगा, त्यांना काय समजतंय. ते म्हणाले, “ते उद्या दिवसभर सेलपाशीच बसणारेत. पोतं कवा ओततोस विचारत होते. त्यांच्या हातानं ओतायचंय.” मग म्हणाले, “एकच पोतं. मानाचं. आपण धुऊन घेऊ.”

आम्ही धुतलं. टाक्यांवर टाक्या पाणी ओतलं. धुतलेल्या पाण्यात मी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत होते. मीठ असलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. पहिल्यांदा दूध, मग ताक, मग तांदळाचं धुवण, आणि दिवस मावळताना एकदाचं नितळ. मोकलांचा चेहरा उजळला. मी म्हटलं, “मोकल, हे वरचं गेलं. लाकडाच्या पोटातलं तिथेच आहे. कॉस्टिकमध्ये लाकडाचं पोट उघडणार, आणि तुमचं पाणी दिवसभर तेच फिरणार आहे. मीठ साठत जाईल.”

“मला कळत नाय का?” ते एकदम ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग हळू आवाजात, “एका पोत्यानं काय होतंय, मॅडम. बाकी सगळा ऐन हाय.”

केमिस्ट माणूस जेव्हा ‘काय होतंय’ म्हणतो तेव्हा त्याला काय होणार ते पक्कं माहीत असतं.

सकाळी काकांनी सेलला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि आपलं पोतं कॉस्टिकच्या टाकीत रिकामं केलं. गावातली चार माणसं बरोबर आली होती. पाहुणे आले, दोन पुरुष आणि एक बाई, तिघंही नम्र, हुशार. सकाळचा माल सुंदर निघाला. ती बाई कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन हुंगत होती आणि तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, देवा, या एका दिवसापुरतं रसायनशास्त्र विसर.

दुपारी जेवणं झाली. वहिनींनी पापड तळले होते, पाहुण्यांनी मागून घेतले. आम्ही शेडमध्ये परत आलो आणि दारातच मी थांबले. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर येतो तो वास. अगदी हलका. मोकल माझ्या पुढे होते. त्यांचे खांदे खाली आले ते मी पाठीमागून पाहिलं. मग तो वास वाढतच गेला. संध्याकाळच्या पट्टीला दवाखान्याचा वास होता. सेलमधल्या पट्ट्या बाहेर काढल्या तर निकेलला बारीक बारीक भोकं.

“क्लोरीन आहे,” पाहुणी बाई म्हणाली. “कुठून आला?”

काका तिच्या मागेच स्टुलावर बसले होते. हात गुडघ्यांवर, टोपी सरळ. त्यांना शब्द कळले नसतील पण काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, आणि ते पुतण्याकडे बघत होते.

मोकलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर म्हणजे दम होता. मग ते म्हणाले, “नळाच्या पाण्यातून आला असेल. मी नळाचं पाणी वापरलं. डिस्टिल्ड घ्यायला पाहिजे होतं.”

ज्या माणसाने हे काम उभं केलं त्याने नळाचं पाणी वापरलं! शाळेतला पोरगा करणार नाही ही चूक. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचा आदर कसा मिटत गेला ते मी बघत राहिले. खरं सांगितलं असतं तर एक चूक म्हणून सुटली असती, पुढचा दिवस मिळाला असता. भुसा बदलला असता, संपलं असतं. पण ‘या म्हाताऱ्याच्या लाकडामुळे’ हे शब्द त्या शेडमध्ये काकांसमोर मोकल उच्चारू शकले नाहीत. पाहुणे कळवतो म्हणाले. जाताना त्या बाईने वहिनींच्या पापडांची तारीफ केली.

नंतर फोन झाले, मेल गेल्या. मी स्वतः त्या बाईंना सगळं कळवलं, मोकलांना न सांगता. त्यांनी सभ्य उत्तर दिलं की कंपनीचं लक्ष आता दुसऱ्या कामांकडे आहे. मी त्यांना दोष देत नाही. कोणाला द्यावा तेच मला आजतागायत कळत नाही, आणि म्हणून मला जास्त त्रास होतो.

काकांनी गावात जाऊन सांगितलं की नळाच्या पाण्याने आमच्या पोराचा घात केला. आणि मग ते दर थोड्या दिवसांनी एसटीने पेणला येऊ लागले, हातात गावच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन. “हे घाल पोरा. गोडं पाणी हाय आपलं. नळाचं नको.” खाडीकाठची विहीर ती, गोडी म्हणजे किती गोडी! मोकल कॅन दोन्ही हातांनी घ्यायचे, “बरं झालं आणलंत” म्हणायचे आणि काका गेले की मोरीत ओतायचे. वहिनी एकदा म्हणाल्या, “सांगून टाका हो एकदा. म्हातारा या वयात एवढं ओझं वाहतोय.” मोकल म्हणाले, “सांगितलं तर त्यांना उचलायला काय राहील?”

पुढे मोकलांच्या आवाजातला जोर कमी होत गेला. नव्या पट्ट्या आणल्या, सेल पुन्हा जुळवला, हे वहिनींकडून कळायचं. ज्यांना ज्यांना दाखवायचं त्यांना त्यांनी विचारलं. कोणी फोन घेतला नाही, कोणी पुढच्या वर्षी म्हणाले. एक जण म्हणाला की कल्पना फार छान आहे, आमच्या परिसंवादात पोस्टर लावा. मोकलांनी ते मला हसत सांगितलं. ते हसणं ऐकून मला भीती वाटली.

शेवटी त्यांनीच बोलावलं. “सवड असेल तर येऊन जा मॅडम. बाई चांगल्या चालल्यात.” गेले तर खरंच. पंप एका लयीत चाललेला, पाणी काळंभोर, आणि शेडमध्ये व्हॅनिलाचा शुद्ध वास. किती दिवस असं चाललंय, विचारलं. बरेच, म्हणाले, एकदाही बिघाड नाही. मी नमुना हुंगला. त्या पाहुण्या बाईने त्या दिवशी सकाळी जो हुंगला होता त्याच्यापेक्षा चांगला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, मी उद्यापासून सगळ्यांना लिहिते, मी लोकांना गाडीत घालून आणते, मोकल, हे झालंय, हे पूर्ण झालंय.

“सोमवारपासून डोलवीला जातोय,” ते म्हणाले. “पाणी तपासायचं काम हाय. शिफ्ट हाय. हेल्मेट दिलंय.” आणि खुंटीवरचं पिवळं हेल्मेट दाखवलं.

इतक्यात दारात दामूकाका. आता फार थकलेले, डोळ्यांनी अंधूक दिसणारे. कुणीतरी एसटीतून हात धरून उतरवलं असावं. कॅन होताच. मोकलांनी धावत जाऊन तो घेतला, काकांना स्टुलावर बसवलं. काकांनी नाक वर केलं. म्हातारा सुतार, त्याचं नाक शाबूत होतं.

“झालं काय रे?”

“झालं, काका.”

“आपलं पाणी घातलंस ना?”

“व्हय. तुमचंच पाणी. अन लाकूडबी तुमचंच, दारातलं. जपून ठेवलं होतं.”

मोकलांनी काचेच्या कांडीने एक थेंब काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी हात नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरला. मग हळूच म्हणाले, “सागाच्या पोटात हे होतं? आन आम्ही जन्मभर दारं केली.” ते हसत होते. मला तिथे उभं राहवेना. तो रोह्याचा ऐन होता, विहिरीचं पाणी मोरीत गेलेलं, आणि त्या शेडमध्ये खोटं फक्त तेवढंच होतं.

वहिनींनी काकांना जेवायला आत नेलं. ते हात धुवायला तयार नव्हते, मूठ तशीच मिटून गेले.

मोकल सेलला वीज देणाऱ्या रेक्टिफायरपाशी गेले आणि त्यांनी बटण खाली केलं. मग पंपाचं. शेड एकदम शांत झाली, बाहेर हायवेवरच्या गाड्या ऐकू येऊ लागल्या. मी ओरडलेच, “अहो, बंद का केलंत? चाललंय ना ते!”

“आता कुणासाठी चालू ठेवायचं, मॅडम?” ते म्हणाले. रागाने नाही, दुःखानेसुद्धा नाही, नुसतं सांगून टाकावं तसं. मग फडक्याने एकेक पट्टी पुसून कोरडी करायला लागले. मी मदतीला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला केला.

“चला,” ते म्हणाले, “तुमची रोह्याची गाडी चुकंल.”

गाडीला अजून बराच वेळ होता.